अडलेल्याचे घर

मागल्या महिन्यात भिंगारास काल्याचे कीर्तन होते. पंगत उठली आणि एक तरुण माळकरी आमच्याजवळ येऊन बसला. वय पंचवीस-सव्वीस. घरची शेती थोडी, नोकरी नाही. म्हणाला, "बुवा, एक धंदा सुरू करतोय. पण मन खातंय. आई म्हणाली, बुवांना विचारल्याबिगर पाऊल टाकू नको."

धंदा असा. ज्याला घर किंवा प्लॉट तातडीने विकणे भाग आहे असा मनुष्य हुडकायचा. कमी भावात सौदा ठरवून थोडा इसार द्यायचा आणि दोन-तीन महिन्यांची मुदत घ्यायची. त्या मुदतीत पैसेवाले गिऱ्हाईक शोधून तोच सौदा जास्त भावाने त्याच्याकडे फिरवायचा. मधला फरक आपला. खरेदीखत मूळ मालक आणि शेवटचे गिऱ्हाईक यांच्यात होते. आपले नाव त्यावर येतही नाही. अमेरिकेत याला होलसेलिंग म्हणतात, आणि भांडवल नसलेल्या नवख्याने येथूनच आरंभ करावा असे तिकडे शिकवतात. आपल्याकडे नाव नवे आहे, काम जुनेच.

"अडलेल्याला शोधत फिरणं हे पाप आहे का, तेवढं सांगा," तो म्हणाला.

आम्ही त्या क्षणी उत्तर दिले नाही. त्याचे कारण शेवटी सांगू. पण प्रश्न एकट्या त्याचा नाही. आज वारीत चालणाऱ्या कितीतरी घरांतली मुले जमिनीच्या व्यवहारात आहेत. म्हणून येथे मोकळेपणाने विचार करू.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत, आणि आमच्या मते दोन्ही अपुरी. एक म्हणते, "धंदा तो धंदा. कोणी कोणाच्या मानगुटीवर बसून सही घेत नाही." दुसरे म्हणते, "परक्याच्या दुःखावर पैसा मिळवणे हे पापच." परंतु वाचकहो, अडलेल्या माणसाला गिऱ्हाईक हवेच असते. सगळ्या सज्जनांनी 'आम्हाला ते पाप नको' म्हणून पाठ फिरवली, तर त्याच्या दाराशी कोण उरेल? जो पापाला भीत नाही तोच. तेव्हा अडलेल्याला शोधणे हा दोष नव्हे. वैद्यही आजाऱ्यालाच शोधतो. शोधून पुढे काय करतो ते पाहिले पाहिजे.

बरे, अडलेले सगळे एका तऱ्हेचे नसतात. कोठे बंद वाडा असतो. म्हातारी माणसे गेली, वारस पुण्या-मुंबईला, भाऊ भावाशी बोलत नाही, वारसनोंद झालेली नाही, घरपट्टी थकलेली, माळवद खचलेले. अशा घराला जो तरुण हेलपाटे घालून वारसांना एका बैठकीत आणतो, फेरफार करवून घेतो आणि मग गिऱ्हाईक आणतो, त्याने घाम गाळलेला आहे. त्याचा मोबदला त्याने ताठ मानेने घ्यावा. भिंगारसारख्या ठिकाणी तर हे काम जास्तच जोखमीचे. छावणीच्या हद्दीत पुष्कळदा इमारत मालकाची आणि जमीन सरकारची असते, जुन्या ग्रँटची किंवा पट्ट्याची. तेथे छावणीच्या जमीन रजिस्टरातली नोंद पाहिल्याखेरीज इसार देणे म्हणजे आपणही बुडणे आणि दुसऱ्यालाही बुडवणे.

दुसरा प्रकार बँकेच्या थकबाकीचा. सन २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँक कर्जदारास आधी ६० दिवसांची नोटीस देते. पुढे ताबा घेतल्याची आणि लिलावाची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले. नवखे लोक हीच पाने चाळतात. त्यात गैर काही नाही. ती नोटीस सर्वांनी वाचावी म्हणूनच छापलेली असते. परंतु ज्याचे घर आहे त्याला पुष्कळदा तीन गोष्टी ठाऊक नसतात. लिलावाची नोटीस छापून येईपर्यंत थकबाकी आणि खर्च भरून घर सोडवता येते. बँकेची लेखी संमती घेऊन त्याआधी खाजगीत विक्रीही करता येते. आणि लिलावात देण्यापेक्षा जास्त रक्कम आली तर वरची रक्कम त्याचीच असते. या तीन गोष्टी त्याला सांगून जो सौद्याला बसतो तो एक मनुष्य, आणि त्या त्याला कळू नयेत म्हणून घाई करतो तो निराळा मनुष्य. दोघांचा धंदा एकच आहे, तरी एका पंगतीला बसवण्याजोगे ते नव्हेत.

तिसरा प्रकार सर्वांत नाजूक. घरात मोठे आजारपण आले, कर्ता मनुष्य गेला, सावकार दारात बसला. येथे आकड्यांनिशी बोलू. समजा घर तीस लाखांचे आहे. मालकाला आठ दिवसांत सहा लाख पाहिजेत. गिऱ्हाईक म्हणते, "वीस लाखांत देतोस तर बोल." आता नीट पाहा. त्या माणसाला आठ दिवसांत सहा लाख लागतात. तीस लाख आठ दिवसांत लागत नाहीत. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याने सहा लाख इसार म्हणून आज द्यावे, बाकीच्याला तीन महिन्यांची मुदत मागावी आणि भाव घराचा लावावा. दोघांचेही काम होते. रोख रक्कम लगेच मोजणाऱ्याने भावात थोडी सूट मागितली तर तीही आम्ही समजू शकतो. त्याने पैसा दिला, वेळेवर दिला, जोखीम घेतली.

पण आमच्या तरुण मित्राच्या धंद्याचे मर्म येथेच आहे. त्याच्याजवळ सहा लाख नाहीत. तो पंचवीस हजार देतो आणि मुदत मागतो. भाव मात्र रोख मोजणाऱ्याचा लावतो. ज्या निकडीपायी मालकाने दहा लाख सोडले, ती निकड तशीच राहते. दवाखान्याचे बिल तसेच, सावकार तसाच. मुदतीत गिऱ्हाईक मिळाले नाही तर हा हात झटकून मोकळा होतो, आणि तेवढे दिवस घर मात्र अडकून पडते. सन १८८२ च्या मिळकत हस्तांतरणाच्या कायद्यातही विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही असे स्पष्ट आहे. घर त्याचे नाही, पैसा त्याचा नाही. मग हा विकतो तरी काय? समोरच्याची अडचण विकतो. आमच्या मते दोष आहे तो येथे, शोधण्यात नाही.

कोणी म्हणेल, "सही तर त्याने राजीखुशीने केली ना?" हा वाद आपल्या नगर जिल्ह्याला नवा नाही. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले, कापसाचे भाव कोसळले, साऱ्याची आकारणी वाढली आणि दख्खनचा शेतकरी कर्जात रुतला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला आणि तो नगर जिल्ह्यातही पसरला. दंगेखोरांचा रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती आले की ते जाळले जात. त्या रोख्यांवर कुणबी बांधवाची सही-निशाणी होतीच! दंगा चांगला असे आम्ही म्हणत नाही. पण पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने कोर्टाला कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. म्हणजे सही-निशाणी असली तरी ती कशी झाली हे पाहिले पाहिजे, हे परक्या सरकारलाही कबूल करावे लागले. सन १८७२ चा कराराचा कायदाही हेच सांगतो. मोबदला कमी म्हणून करार रद्द होत नाही. पण संमती मोकळेपणाने दिली होती की नाही हे ठरवताना कोर्ट तो कमीपणा विचारात घेऊ शकते. आणि अगदी अलीकडे, २०१४ च्या महाराष्ट्राच्या सावकारी कायद्याने, सावकारीच्या व्यवहारातून पंधरा वर्षांच्या आत गेलेली जमीन किंवा घर चौकशीअंती परत देण्याचा हुकूम करण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला आहे. मुदतखरेदीच्या नावाखाली ज्यांची घरे गेली त्यांना ही वाट दाखवणे, हेसुद्धा अडलेल्याला शोधणाऱ्याचेच काम नव्हे काय?

वारकऱ्याला या ठिकाणी देहूची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मोरे घराण्यात सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने तुकोबांचे घर धुऊन नेले. आणि परंपरा सांगते की पुढे कर्जखतांचे दोन वाटे झाले, धाकट्या भावाचा वाटा कान्होबांना मिळाला आणि आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडून दिली. यातली एक गोष्ट आपण विसरतो. त्यांनी भावाचा वाटा बुडवला नाही. भावाला संसार होता, हक्क होता. तुकोबांची उंची आपल्याला येणार नाही आणि ती प्रत्येकाकडून मागूही नये. आपल्यासारख्या संसारी माणसाने कान्होबांसारखा हक्काचा वाटा घ्यावा, पण तो हक्काचाच असावा, इतके पुरे.

म्हणून आम्ही त्या तरुणाला पुढे भेट झाली तेव्हा इतकेच सांगितले: "बाळा, घरं शोध, खुशाल शोध. पण इसार आपल्या नावानं करून कागद फिरवू नको. उघड दलाल हो. मालकाला म्हण, मी गिऱ्हाईक आणतो, तुमचं घर इतक्याला जाईल, मला शेकडा एवढी दलाली द्या. सातबारा, मिळकत पत्रिका, त्यावरचा बोजा, सगळं त्याच्यासमोर उघडून ठेव. गिऱ्हाईक काय देतंय ते त्याच्या कानावर घाल. तुझा आकडा त्याच्यासमोर मोठ्यानं बोलता आला तर धंदा चोख. आवाज खाली आला तर समज."

तो म्हणाला, "बुवा, यात पैसा कमी सुटेल." सुटेलच. त्याला आम्ही नाही म्हटले नाही.

आता, आम्ही पहिल्या दिवशी गप्प का राहिलो ते. आम्ही ज्या घरात राहतो ते वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात घेतलेले. विकणारा मनुष्य बायकापोरांसह पुण्याला चालला होता. वडिलांनी सर्व रक्कम एकदम मोजली, कागद चोख केला. पण तो थांबू शकत नाही हे ठाऊक असल्यामुळे भाव पाडला. सात-आठ वर्षांनी त्याची बायको आषाढीच्या दिंडीबरोबर जाता जाता आमच्या दारात पाण्याला थांबली. आईने पाणी दिले. ती अंगणातल्या तुळशीवृंदावनाकडे पाहत राहिली. तिनेच बांधलेले होते ते. म्हणाली, "वृंदावन ठेवलंत, बरं केलंत माउली." दुसरे काही बोलली नाही. त्या रात्री वडील जेवले नाहीत.

पुढे कितीतरी वर्षे ते जगले, पण घर केवढ्याला घेतले ते त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही. आकडा आम्हाला कळला तो त्यांच्या पश्चात, खरेदीखत उघडल्यावर. आम्ही त्या माउलीचा ठावठिकाणा दोन आषाढींना दिंड्यांतून विचारला, लागला नाही. घर अजून आमच्याच नावावर आहे, आणि वृंदावनाला पाणी घालताना रोज आठवण होते.

त्या तरुणाच्या मुलांना असला आकडा कागदात शोधावा लागू नये, एवढीच पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना. रामकृष्ण हरि.