अक्षर आणि अर्थ

धर्मग्रंथाचे पावित्र्य त्याच्या मूळ अक्षरांत वसते, की ज्या अंतःकरणांना तो बोध करतो त्यांत, या प्रश्नाचा निवाडा करू पाहणाऱ्याने चीनमधील यहुदी समाजाचा इतिहास अवश्य पाहावा. काइफेंग शहरी शतकानुशतके नांदलेल्या या समाजाने 1489 च्या शिलालेखात आपल्या धर्माचे निरूपण कन्फ्यूशियसच्या परिभाषेत केले, आणि या समाजाचे पुत्र राजदरबारच्या परीक्षा उत्तीर्ण होऊन अंमलदारही झाले. परंतु तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ हिब्रूतच राहिला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती भाषा जाणणारा कोणीही न उरल्यामुळे, जिवापाड जपलेल्या तोराच्या गुंडाळ्या अखेर परक्यांना विकल्या गेल्या.

त्याच शतकात, लिथुआनियात यहुदी कुळात जन्मून रब्बी होण्याचे शिक्षण घेतलेला सॅम्युएल शेरेशेव्स्की ख्रिस्ती होऊन चीनला गेला, आणि त्याने जुना करार, म्हणजे यहुद्यांचेच धर्मशास्त्र, मूळ हिब्रूवरून मँडरिन बोलीत उतरविला. शांघायचा बिशप असता 1881 साली पक्षाघाताने शरीर निकामी झाले, तरी टंकलेखनयंत्राच्या कळा बोटाने दाबीत त्याने सुबोध अभिजात चिनीतील बायबल सिद्धीस नेले.

मात्र, ज्या हिब्रू विद्येच्या बळावर हे घडले, ती यहुदी पाठशाळांनीच अक्षरनिष्ठेने राखली होती, हे विसरणे कृतघ्नपणाचे होय. म्हणून माझा निर्णय असा की, अक्षर राखणारा आणि अर्थ वाटणारा हे धर्माचे समान सेवक असून, ज्या समाजात यांपैकी एकच उरतो, त्याचे शास्त्र फार काळ टिकत नाही.