सिकलसेल आणि मागच्या जन्माचे भोग

शरीर उभे राहते ते प्रथिनांच्या तंतूंवर. कोलॅजेनच्या तीन साखळ्या दोरासारख्या एकमेकींत पिळल्या जातात, असे कित्येक पीळ शेजारी-शेजारी चिकटतात, म्हणून कंडरा ताण सोसते आणि हाड सहजी मोडत नाही. हिमोग्लोबिनने मात्र असे चिकटता कामा नये. लाल पेशीत ते सुटे, विरघळलेलेच असावे लागते. सिकलसेलमध्ये नेमके हेच बिघडते. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते आणि प्राणवायू सोडला की रेणू एकमेकांना धरून ताठ तंतू बनवतात. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तपासणीच्या नळीत असे रक्त टाकले की द्रावण गढूळ होते, मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. या मुलांच्या हाडांत कळा उठतात तेव्हा ‘मागच्या जन्माचे भोग’ हे शब्द सहज तोंडात येतात. ते चुकीचे आहेत आणि त्यांनी इजाही होते, असे माझे ठाम मत आहे.

शिक्षा म्हणायची तर तिने अपराधी ओळखायला हवा. आईबाप दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात आजाराची शक्यता चारांत एक, आधीची मुले कशीही निघोत. शिवाय या जनुकाची एकच प्रत मिळाली तर गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून हे मांडले. एका भावाला कवच, दुसऱ्याला वेदना, आणि फरक फक्त प्रतींचा. यात पापपुण्याचा निवाडा कुठे शोधायचा?

विज्ञान ‘कसे’ ते सांगते, ‘मलाच का’ याचे उत्तर कर्मसिद्धान्तच देतो, असे यावर म्हटले जाईल. पण जे उत्तर निरोगी मुलाला आणि आजारी मुलाला सारखेच लागू पडते, त्यातून या मुलाबद्दल काहीच कळत नाही. वेदना सोसणारा आरोपी मात्र ठरतो. या विचाराने धीर येतो, हे मी नाकारणार नाही. माणूस आपल्या दुःखाला स्वतः असा अर्थ लावतो तेव्हा तो त्याचा आधार असतो. तोच अर्थ शेजाऱ्याने लावला की तो आरोप होतो. आणि प्रारब्ध मानणाऱ्या परंपरेतच क्रियमाण कर्मही आहे, आज आपल्या हातून घडणारे. डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सियुरियाची गोळी वेळेवर मिळणे, पोराला भरपूर पाणी पाजणे, थंडीत जपणे हे त्यातच येते. लग्नाआधीची रक्ततपासणीही येते, पण ती दोघांची व्हावी. मुलगी वाहक निघाली एवढ्यावरून स्थळ मोडणे म्हणजे तिलाच पुन्हा दोषी धरणे आहे, कारण मुलाचे हिमोग्लोबिन सर्वसाधारण असेल तर त्यांच्या एकाही अपत्याला सिकलसेलचा आजार होत नाही.