वेगळा पेला



माझ्या ताईच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. येत्या सोमवारपासून किरणोपचार, म्हणजे रेडिएशन, सुरू व्हायचे आहेत. त्याची तयारी तिने मन लावून केली. उपचाराच्या वेळी हात डोक्यावर न्यावा लागतो आणि शस्त्रक्रियेने खांदा आखडलेला. म्हणून महिनाभर भिंतीवर बोटे चढवत व्यायाम केला. मग तसेच निजवून सीटी स्कॅन काढला. रोज नेमक्या त्याच जागी किरण पडावेत म्हणून छातीवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके गोंदले. आजीच्या हातावरचे गोंदण आठवून ताई हसली. आठवड्यातून 5 दिवस, असे 3 आठवडे जायचे. किरण घेताना दुखत नाही. पुढे कातडी काळवंडते, थकवा येतो. सैल सुती झंपर शिवून ठेवले आहेत.

आईची तयारी निराळी. तिने ताईसाठी वेगळे ताट, वेगळा पेला काढला आणि माझ्या मुलाला बजावले, आत्याच्या मांडीवर बसू नकोस.

आई दुष्ट नाही. किरण अंगात राहतील, पोराला बाधतील, ही तिची भीती. पण वाचकहो, जिला लहानपणी गावच्या पाणवठ्यावर वरून ओंजळीत पाणी ओतले गेले, तिच्याच हाताने हा पेला वेगळा व्हावा? मायेपोटी पाळलेला विटाळ हा विटाळ नव्हे काय? मी बराच अडलो. पण विटाळ पाळणारे तरी स्वतःला दुष्ट कुठे समजत होते? त्यांनाही आपल्या लेकराबाळांचीच काळजी होती.

तेव्हा हेतू बाजूस ठेवून कारण तपासावे. कर्करोग शिवल्याने होत नाही. यंत्रातून बाहेरून दिलेले किरण यंत्र थांबताच थांबतात. अंगात काही उरत नाही. किरणोत्सर्गी द्रव्य शरीरात ठेवण्याचे उपचार वेगळे. तिथे डॉक्टर सांगतील तितके दिवस अंतर ठेवावे लागते. तो विटाळ नव्हे, कारण त्याला कारण आहे आणि मुदत आहे.

शेजारीण म्हणाली, मागल्या जन्मीचे भोग. संयुक्त निकायातल्या सीवक सुत्तात तथागतांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी वेदनेची कारणे मोजून दाखवली आणि सारे पूर्वकर्मानेच घडते हे मत चूक ठरवले. तिला ते सांगितले. पटले की नाही, ठाऊक नाही.

आईला मात्र मी काही समजावले नाही. सोमवारी ताईसोबत तिलाच पाठवणार आहे. तिने डॉक्टरांना स्वतः विचारावे. तोवर पेला वेगळाच आहे. ताई त्यातून चहा पिते आणि स्वतःच विसळून ठेवते.