वतन आणि नकार

वाडवडिलांकडून आलेले काम मनुष्याने पुढे चालवावे की टाकून द्यावे, या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे देणाऱ्यांचा आपण सारख्याच आदराने गौरव करीत आलो आहोत. कुडाळनजीकच्या पिंगुळी गावचे श्री. परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, ती ठाकर समाजाची परंपरागत चित्रकथी व बाहुल्यांची कला त्यांनी टाकली नाही म्हणून. उलट, मार्च १९२७ मध्ये महाड येथे डॉ. आंबेडकरांनी आपल्या बांधवांस जो उपदेश केला, तो टाकून देण्याचा होता: मृतमांस टाका, शिळ्यापाक्या तुकड्यांची आशा टाका. आपण दोघांनाही वंदन करितो आणि त्यांत काही विसंगती आहे, असे आपल्या मनास सहसा शिवतही नाही. ती खरोखरीच आहे काय, हे पाहिले असता समाजात पालट कसा घडतो यावरही थोडा प्रकाश पडेल, असे वाटते.

महार वतन ही काय वस्तू होती, हे आजच्या वाचकाला सांगावयास हवे. गावकीची व सरकारची पडतील ती कामे करावयाची, निरोप पोचवावयाचे, मेलेली गुरे ओढावयाची. मोबदला म्हणून जमिनीचा लहानसा तुकडा आणि गावकऱ्यांनी द्यावयाचे बलुते. १८७४ च्या वतन कायद्याने या चाकरीस सरकारी शिक्काही मिळाला होता. वतनदार गावी नसला तर त्याच्या घरातील दुसऱ्या कोणास तरी कामावर हजर व्हावे लागे. म्हणजे चाकरी एका माणसाची नसून सबंध कुटुंबाची होती. ‘वतन’ या शब्दाला आपल्या भाषेत केवढा मान आहे! वतनासाठी आपल्या इतिहासात भाऊ भावाच्या जिवावर उठले. तोच शब्द येथे गळ्यातील दोरासारखा झाला होता. आणि दोराच्या टोकाला जमिनीचा तुकडा बांधलेला असल्यामुळे तो तोडताना मोठा जड जाई.

कायद्याने हा दोर तुटला नसता काय? महाडचाच दाखला पाहावा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे असावेत, हा श्री. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केले. कागदोपत्री सुधारणा पूर्ण झाली होती. तथापि २० मार्च १९२७ पर्यंत चवदार तळ्याच्या पाण्याला अस्पृश्य मानलेल्यांचा हात लागला नव्हता. त्या दिवशी तो लागला, आणि लागताच परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या, तळे ‘शुद्ध’ करण्यात आले, नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठरावही मागे घेतला. न्यायालयाचा शेवटचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. वतनासंबंधी बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक मांडले, ते त्या वेळी तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ साली झाला. मधल्या काळात ज्यांनी गुरे ओढण्याचे नाकारले, त्यांनी कायद्याची वाट पाहिली नाही. बलुते बंद पडणार, गाव वाळीत टाकणार, हे जाणूनच त्यांनी नाकारले. चळवळीचा पहिला खर्च नेहमी नाकारणाराच भरतो. पुढे कायदा आला तो त्या नकारावर शिक्कामोर्तब करावयास.

याच्या अगदी उलट बाजूने त्याच प्रश्नाला हात घालणारा एक पुरुष कोकणातच होऊन गेला. अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. शौचकूप साफ करण्याचे काम मला द्या, अशी त्यांनी मागणी केली. ते काम विशिष्ट जातींच्या कैद्यांसाठी राखलेले असल्यामुळे अधिकाऱ्यांनी ती नाकारली. राखीव जागांविषयी आज एवढा वाद माजतो; ही राखीव जागा मात्र कोणाच्या डोळ्यांत कधी खुपली नव्हती! अप्पासाहेबांनी अन्न वर्ज्य केले, येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी डिसेंबर महिन्यात उपवास आरंभिला आणि अखेर सरकारला नियम सैल करावा लागला. पुढे १९४८ साली अप्पासाहेबांनी कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापिला व तेथे मृत जनावरांचे चामडे सोडविण्यापासून शौचकूपांच्या रचनेपर्यंत सारी ‘हलकी’ कामे स्वतः केली.

या त्यागाचे मोल कमी लेखण्याची माझी इच्छा नाही. परंतु त्याची मर्यादाही स्पष्ट दिसते. ब्राह्मणाने झाडू हाती घेतल्याने झाडूची अप्रतिष्ठा कमी होते. ज्याच्या हाती तो जन्मतःच दिला गेला, त्याचा हात मात्र तेवढ्याने सुटत नाही. अप्पासाहेब ते काम स्वीकारू शकले, कारण ते नाकारण्याची त्यांना मोकळीक होती. मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायदे झाले, तरी शहरांच्या गटारांत उतरून माणसे गुदमरून मरतातच, आणि त्यांतील बहुतेकांच्या जाती त्याच असतात ज्यांच्यासाठी रत्नागिरीच्या तुरुंगात ते काम राखलेले होते. तेथे नकाराचा अधिकार अद्याप पोटापर्यंत पोचलेला नाही.

आता पुन्हा पिंगुळीकडे वळू. ठाकरांची चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातील आख्यानांच्या चित्रांची पोथी. चित्रामागून चित्र समोर धरावयाचे आणि वाद्यांच्या साथीने कथा गात जावयाचे. जोडीला कळसूत्री बाहुल्या आणि पडद्यामागच्या चामड्याच्या बाहुल्या. सावंतवाडी संस्थानच्या काळी या कलेला राजाश्रय होता, देवळांतून कथेचे मान होते. पण मान आणि भिक्षा यांतील अंतर आपल्या समाजात फार थोडे असते. पहाटे दारोदार फिरणाऱ्या पांगुळाला घरधनीण सुपातून तांदूळ घाली, तेव्हा तिच्या मनात कलावंताची बिदागी असे की याचकाचे दान, हे तिलाही सांगता आले नसते. राजाश्रय सरला, करमणुकीची नवी साधने आली, आणि शिकलेल्या तरुणाला ती झोळी लाजिरवाणी वाटू लागली, तर त्याला दोष कोणी द्यावा? त्याचा नकार महाडच्या नकाराच्याच कुळातला होता.

श्री. गंगावणे यांचे कार्य मला मोठे वाटते ते येथे. झोळी आणि पोथी यांची गाठ त्यांनी सोडविली. २००६ साली त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभे केले. प्रेक्षक तेथे पाहुणा म्हणून येतो, दाता म्हणून नव्हे. चित्रे तीच, आख्यानेही तीच, पण ती सांगणाऱ्याला आता दुसऱ्याच्या उंबरठ्यावर उभे राहावे लागत नाही. वारसा राखला गेला तो त्यातील वतन वजा करून. महाडला टाकले गेले तेही हेच होते, आणि म्हणून दोन्ही वंदने एकाच वस्तूला पोचतात, असे मी समजतो.

मात्र पिंगुळीस जाऊन परतणारे आमचे सुशिक्षित प्रवासी एक प्रश्न हमखास विचारतात: “बाकीच्या ठाकर मुलांनी ही कला का नाही हो शिकली?” विचारणाऱ्यांपैकी कितीजणांनी स्वतःच्या आजोबांचे भिक्षुकीचे वा शेतीचे काम पुढे चालविले आहे? त्यांच्या मुलांना पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत जाताना कोणी अडविले नाही, संस्कृती बुडाली म्हणून कोणी हळहळलेही नाही. मुंबईस नोकरी धरणाऱ्या पिंगुळीच्या मुलालाही तसेच, काही न विचारता, जाऊ द्यावयास आपण अजून शिकावयाचे आहोत.