गार भाकरीचा प्रसाद


आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १३.

या श्लोकात भगवंत जेवणाऱ्यांचे दोन प्रकार सांगतात. यज्ञ करून उरलेलं खाणारे पापातून सुटतात. जे फक्त स्वतःसाठी शिजवतात, ते पापच खातात. मी हा श्लोक कितीतरी वेळा वाचलाय आणि दर वेळी स्वतःला पहिल्या गटात धरलंय. रोज नैवेद्य दाखवतो, मग जेवतो. झालं की!

मागच्या महिन्यात घरी गेलो आणि हा हिशोब चुकला.

आमचं घर पन्हाळ्यावर. गडावर कधी आला असाल तर झुणका-भाकर खाल्लीच असेल. तशीच एक छोटी टपरी आमची. रविवारी आई सकाळपासून चुलीपुढं. पर्यटकांची कुटुंबं चटईवर गोल करून बसतात. झुणका, खर्डा, दही, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकत्र. त्यांना जेवू घालणारं आमचं घर मात्र चार वेळेला चार ठिकाणी जेवतं.

मी नोकरीला पुण्यात. म्हणून फॅमिली ग्रुपवर फर्मान काढलं, "मी आलो की रात्री सगळे एकत्र जेवणार. मोबाईल बंद." बसलो पण. बाबा, धाकटा भाऊ, मी. फार भारी वाटलं. आई तव्यापुढं होती. भाकरी फुगली की थेट ताटात.

"आई, तू पण बस की."
"खावा की, गरम हाय तवर. मी बसतो मागनं."

आम्ही खाल्लं आणि उठलो. नंतर पाणी प्यायला आत गेलो तर आई भिंतीला टेकून एकटीच जेवत होती. झुणका संपला होता. शेवटची भाकरी आणि तेल-चटणी.

ती 'उरलेलं' खात होती.

पहिला विचार आला, आई किती थोर! पण असं म्हटलं की मी मोकळा होतो. तिला देव्हाऱ्यात बसवायचं आणि आपण पुढची भाकरी मागायची. उरलेलं खाणं हा यज्ञ तेव्हाच, जेव्हा माणूस ते स्वतः अर्पण करतो. दुसऱ्यानं गृहीत धरून घेतलं तर ती नुसती त्याची सोय. जुन्या गृहस्थधर्मातसुद्धा अतिथी आणि घरातली माणसं जेवल्यावर उरलेलं नवरा-बायको दोघांनी खायचं, असं सांगितलंय. आपण ते सोयीनं एकटीवर सोडलं.

आईला वाढण्यात आनंद मिळतो, हे खरंच आहे. पण तिचा आनंद खरा असला म्हणून माझं घेणं बरोबर ठरत नाही.

मग अडत काय होतं? आमची जीभ. तव्यावरची गरम भाकरी पाहिजे, तर एकीनं तव्यापुढं राहिलंच पाहिजे.

तेव्हा गोपाळकाला आठवला. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण गोपाळांबरोबर यमुनेकाठी जेवायला बसतो. जेवण कसलं? घरून बांधून आणलेली शिदोरी. म्हणजे गारच की! पण तिथं वाढायला म्हणून कोणी मागं राहिलं नाही. देवसुद्धा त्यांच्यातच बसला.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या आधीच करून टोपलीत फडक्यात गुंडाळल्या. बाबा म्हणाले, "गार झाली की रं." पण खाल्ली. आई तिसऱ्या घासाला मीठ आणायला उठायला लागली. भाऊ म्हणाला, "बस, मी आणतो." त्याला मिठाची बरणीच सापडेना. आईनं बसल्या जागेवरनं सांगितलं आणि हसायला लागली.

हसता हसता म्हणाली, "दिवाळीपासनं खांदा लई भरून येतोय. भाकरी थापताना हात वर होईना."

सगळे गप्प. फोनवर मला रोज "बरी हाय" ऐकू यायचं. बाबा आणि भाऊ तर त्याच घरात राहतात. तिला सांगायचं नव्हतं असं नाही. आम्ही जेवायला बसायचो तेव्हा ती आमच्यात नसायचीच.

त्या आठवड्यात भाऊ तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. रात्रीच्या भाकऱ्या आता बाबा थापायला शिकताहेत. नकाशे होतात, पण होतात.

आजचा संकल्प : आज रात्री पहिला घास घ्यायच्या आधी बघायचं, कुणाचं ताट अजून वाढलेलं नाही? त्यांना नुसतं "बस की" म्हणू नका. आपण उठा, त्यांचं ताट वाढा, आणि जे आहे ते, गार असलं तरी, एकत्र खा.

राम कृष्ण हरी!