लहान घ्यावा की मोठा?



मध्यंतरी आपल्या नंदुरबारचा एक तरुण घरी आला. सुरतेला नोकरी करतो, पहिल्यांदाच बोनस मिळालेला. म्हणाला, "काका, गॅलेक्सी एस २५ घेऊ की एस २५ प्लस?"

मी माहिती काढली. हे दोन्ही फोन जानेवारी २०२५ मध्ये एकत्रच जाहीर झाले. दोघांचा प्रोसेसर एकच, मागचे तीन कॅमेरे सारखेच, आणि सात वर्षे अपडेट देण्याचे वचनही सारखेच. लहान्याचा पडदा ६.२ इंचांचा, वजन १६२ ग्रॅम, मोठ्याचा ६.७ इंचांचा, वजन १९० ग्रॅम. मोठ्याची बॅटरी ४९०० एमएएच, लहान्याची ४०००. मोठा चार्जही लवकर होतो. बाजारात आले तेव्हा २५६ जीबीच्या लहान्याची किंमत ८०,९९९ रुपये होती, मोठ्याची ९९,९९९. फरक १९,००० रुपयांचा.

त्याच्याजवळ कारणे तयार होती. रेल्वेत सामना पाहता येईल, बॅटरी पुरेल, आणि व्हिडिओ कॉलवर आई नीट दिसेल. मी एवढेच विचारले, "बाळा, ही कारणे दुकानात जाण्याआधी सुचली की मोठा फोन हातात घेतल्यावर?"

तो हसला. मग मी म्हटले, "आई तुला मोठी दिसेल, हे खरे. पण तू तिला दिसशील तिच्याच जुन्या फोनवर. डोळे तर तिचे अधू झालेत." तो गप्प झाला. त्या १९,००० रुपयांच्या आत आईसाठी मोठ्या पडद्याचा एक साधा फोन आला असता.

आपल्या सर्वांचे असेच होते. आधी इच्छा होते, मग आपण तिच्यासाठी कारण शोधतो. आधी आलेले कारण न्यायाधीशासारखे असते, नंतर आलेले वकिलासारखे. वकील अशिलाच्या बाजूनेच बोलणार!

याचा अर्थ मोठा फोन घेणे चूक आहे, असा नव्हे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर दिवसभर फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला मोठी बॅटरी ही चैन नाही. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांना मोठा पडदा हवाच. एका हाताने काम करणाऱ्याला मात्र लहानच बरा. आणि जिथे टॉवरच पोहोचत नाही, तिथे लाखाचा फोनही मुका!

लहान फोन घेणाऱ्यानेही साधेपणाचा तोरा मिरवू नये. एक्याऐंशी हजारांचा फोन साधा कसा? "मी बघा, लहानच घेतला," असे चारचौघांत सांगण्यासाठी घेतला असेल, तर तोही दिखावाच.

म्हणून एक छोटी सवय लावून घेऊ या. दुकानात जाण्याआधी घरी बसून कागदावर दोन ओळी लिहाव्यात: हा फोन मला कोणत्या कामासाठी हवा? आणि वाचलेल्या पैशांची घरात कोणाला गरज आहे? मग तो कागद खिशात ठेवून खुशाल दुकानात जावे.

त्या तरुणाने शेवटी कोणता फोन घेतला, हे मी विचारले नाही. पण परवा त्याची आई भेटली. म्हणाली, "पोराचा चेहरा आता स्पष्ट दिसतो हो!"