पूर्तधर्म आणि डोबरा-चांठीचा पूल

उत्तराखंडातील टिहरी धरणाच्या जलाशयावरील डोबरा-चांठी हा ७२५ मीटर लांबीचा पूल नोव्हेंबर २०२० मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याचा ४४० मीटरचा झुलता भाग पोलादी दोरखंडांवर तोललेला असून गढवालच्या डोंगरांत पसरलेले पाणी पाहण्यासाठी प्रवासी आता तेथे मुद्दाम जातात. ते दृश्य रम्य आहे, यात शंका नाही. परंतु हे पाणी भागीरथी आणि भिलंगना या नद्यांचे अडवलेले पाणी आहे, १८१५ मध्ये राजा सुदर्शन शहा यांनी वसवलेले टिहरी नगर त्याच्या तळाशी आहे, आणि म्हणून असा जलाशय निर्माण करणे हे धर्मदृष्ट्या कोणत्या जातीचे कर्म ठरते, हा प्रश्न टाळता येत नाही.

आजवरची धार्मिक चर्चा प्रामुख्याने गंगेच्या अविरलतेभोवती, म्हणजे तिचा प्रवाह अखंड राहण्याच्या अपेक्षेभोवती फिरली. १९१६ मध्ये हरिद्वार येथे पंडित मदनमोहन मालवीय यांच्या पुढाकाराने ब्रिटिश सरकारशी झालेला समझोता आणि पुढे पर्यावरणवादी सुंदरलाल बहुगुणा यांची टिहरी धरणाविरुद्धची दीर्घ उपोषणे या चर्चेच्या केंद्रस्थानी आहेत. तो आग्रह रास्तच आहे. मात्र त्याच्या छायेत शास्त्रातील दुसरा, तितकाच मूलभूत विचार दुर्लक्षित राहिला.

धर्मशास्त्राने यज्ञादी कर्मांना ‘इष्ट’ आणि विहिरी, तळी, देवालये, बागा यांसारख्या लोकोपयोगी निर्मितीला ‘पूर्त’ म्हटले. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात पूर्तकर्माच्या पूर्ततेसाठी सांगितलेल्या ‘उत्सर्ग’ या विधीचे सविस्तर विवेचन केले आहे. दानात एक देतो व दुसरा स्वीकारतो. उत्सर्गात तळे खोदणारा आपले स्वामित्व सर्व प्राणिमात्रांसाठी सोडतो आणि त्यानंतर तो स्वतः त्या पाण्याचा उपभोग घेतो तो केवळ सर्वांपैकी एक म्हणून. दुसऱ्याच्या तळ्यात स्नान करण्यापूर्वी त्यातून मातीचे पाच गोळे बाहेर काढावेत, असे याज्ञवल्क्य स्मृती सांगते. परक्याच्या श्रमातून उभे राहिलेले पाणी विनामूल्य भोगू नये, ही जाणीव त्या लहानशा नियमात स्पष्ट दिसते.

या साऱ्या विचाराला एक अट गृहीत आहे: जे सोडायचे ते सोडणाऱ्याचे स्वतःचे असले पाहिजे. सर्वस्व दान करावयाच्या विश्वजित यज्ञाची चर्चा करताना मीमांसासूत्रकार जैमिनींनी राजालाही भूमी देता येत नाही असा निर्णय दिला, कारण भूमीशी सर्वांचा संबंध सारखाच असतो. रक्षणाबद्दल राजाला उत्पन्नाचा वाटा मिळतो, एवढ्याने तो पृथ्वीचा धनी होत नाही. टिहरीत मात्र राज्यसंस्थेने सोडले ते इतरांचे होते: शंभराहून अधिक गावांची शेते, घरे, स्मशाने, देवस्थाने.

याला उत्तर आहे, आणि ते हलके नाही. याच पाण्यावर दिल्लीची तहान भागते, उत्तर प्रदेशातील शेती भिजते आणि १,००० मेगावॉट वीज निर्माण होते. बहुजनांच्या हितासाठी थोड्यांनी त्याग करावा, असे म्हणणारी परंपराही आपल्याकडे आहे. तथापि त्याग हा ज्याचा त्यानेच करावयाचा असतो, दुसऱ्याने करवून घेतलेल्या त्यागातून पुण्य नव्हे तर ऋण उत्पन्न होते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या निकालात धरण थांबवले नाही, परंतु विस्थापितांचे पुनर्वसन हे घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कातूनच निष्पन्न होते असे सांगितले, तेव्हा आधुनिक कायद्यानेही ऋणाचीच भाषा स्वीकारली, असे म्हणावे लागेल.

पुलाचा अर्थ या ऋणाच्या संदर्भात लावावा लागतो. २००५ च्या ऑक्टोबरात शेवटचा बोगदा बंद करून पाणी चढू लागले, तशी जलाशयापलीकडच्या प्रतापनगर भागातील माणसे बाजार, रुग्णालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणापासून तुटली, आणि जो काठ पूर्वी समोरच होता तेथे पोचण्यास डोंगरांतून लांबचा वळसा पडू लागला. पुलाचे काम २००६ मध्ये सुरू झाले व रखडत रखडत चौदा वर्षे चालले. त्या काळात आजारी माणसे, गरोदर स्त्रिया व विद्यार्थी यांनी सोसलेला त्रास कोणत्याही विधीने भरून येणारा नाही. विहीर, तळे यांच्या पंक्तीत बसवून या पुलाची पूर्तकर्म म्हणून प्रशंसा करणे शास्त्राला धरून होणार नाही. तो ऋणाचा एक हप्ता आहे, उशिरा फेडलेला, आणि जमिनीचे, गावपणाचे व पुनर्वसनातील राहून गेलेल्या मागण्यांचे हप्ते अजून बाकी आहेत.